दुसरी किल्ली कुणाकडे?

बँकेच्या नोकरीनं तुम्हाला काय दिलं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, 'निवृत्तिवेतन आणि संशयी स्वभाव.' लोक हसतात. पण त्यातला दुसरा भाग थट्टेचा नाही. तिजोरीशी ज्याचा संबंध आला, त्याला रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा एकदा किल्ली चाचपून पाहायची सवय लागते. माझी ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. आता किल्ली नसते, हात उगाचच रिकामा परत येतो, इतकंच.

बँकेची तिजोरी एका माणसाला कधीच उघडता येत नाही, हे बाहेरच्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. तिला दोन किल्ल्या लागतात. एक हेडकॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. सकाळी दोघांनी स्ट्राँगरूममध्ये जायचं, दोघांनी आपापली किल्ली लावायची, तेव्हा कुठं तो जाडजूड दरवाजा कुरकुरत उघडायचा. मॅनेजर कितीही मोठा असला आणि कॅशियर कितीही सचोटीचा असला, तरी एकट्याला प्रवेश नाही. आणखी एक गोष्ट होती. त्या दोन्ही किल्ल्यांची दुसरी जोडी सीलबंद पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवलेली असायची. ठरावीक मुदतीनं ती जोडी आणून वापरात घ्यायची आणि वापरातली तिकडे पाठवायची. म्हणजे ती जोडी चालते की नाही, याचीही खात्री होत राही. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांना चोराची भीती होतीच. पण किल्लीवाला माणूस रात्रीतून आजारी पडेल, अपघातात सापडेल, मरेल, हेही त्यांनी धरून ठेवलं होतं.

आमच्या शाखेत ती पहिली किल्ली सात वर्षं अण्णांकडे होती आणि दुसरी माझ्याकडे. अण्णा म्हणजे आमचे हेडकॅशियर. ते किल्ली करदोट्याला बांधत. आंघोळीलासुद्धा काढत नसत. मुलीच्या लग्नासाठी रजा घेतली तेव्हा रजिस्टरात सही करून, करून घेऊन, किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली आणि मगच गावाला गेले. त्यांच्या कारकिर्दीत संध्याकाळी रोकड जुळली नाही असा दिवस मला आठवत नाही.

असे हे अण्णा दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, दुपारचा चहा घेता घेता गेले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. मुलगा बंगळुरूला असतो. तो तेरावा आटोपून परतला होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांचा कॉम्प्युटर उघडत नाही. मुलानं दोन संध्याकाळी खटपट करून पाहिली. तुम्ही दोघं मिळून तिजोरी उघडायचात ना? मग हेही तुम्हीच उघडा."

मी गेलो. अण्णांच्या टेबलावर दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक काळा डेस्कटॉप होता. बटण दाबलं. विंडोजचं चित्र यायच्या आतच काळ्या पडद्यावर एक चौकोन आला आणि पासवर्ड मागू लागला. आम्ही नातवाचं नाव घातलं, घराचं नाव घातलं, अण्णांचा बँकेतला कर्मचारी क्रमांक घातला. तिसऱ्या चुकीनंतर यंत्र थिजलं. बंद करून पुन्हा सुरू करा, की पुन्हा तोच चौकोन.

"एवढं काय आहे त्यात?" मी विचारलं. वहिनी थोड्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सोसायटीचे हिशेब." अण्णा निवृत्तीनंतर सोसायटीचे खजिनदार झाले होते. ऑडिटची वेळ आली होती. हिशेब मागायला दोनदा माणसं येऊन गेली होती. पहिल्यांदा सांत्वन करून गेली. दुसऱ्यांदा जिन्यात कुणीतरी म्हणालं, "माणूस चांगला होता हो, पण हिशेब कुठं आहेत?" ते वाक्य वहिनींनी दाराआडून ऐकलं होतं. ज्या माणसाच्या रोकडीत जन्मात कधी एका रुपयाचा फरक आला नाही, त्याच्या नावापुढं, तो गेल्यावर, एक प्रश्नचिन्ह उभं राहिलं होतं. आणि उत्तर त्या काळ्या खोक्यात कुलूपबंद होतं.

*

पुढं काय झालं ते सांगण्याआधी हे कुलूप नेमकं कुठं असतं ते सांगायला हवं. कारण आपल्यापैकी पुष्कळजण 'कॉम्प्युटरला पासवर्ड आहे' असं म्हणतात, पण तो कोणत्या दाराला आहे हे त्यांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

कॉम्प्युटर सुरू केला की विंडोज जागं होण्याआधी यंत्र स्वतःच स्वतःची विचारपूस करतं. मेमरी किती, डिस्क कोणती, तारीख काय, कुठून सुरुवात करायची. या प्राथमिक व्यवस्थेला बायोस म्हणत. आता तिची जागा युईएफआय नावाच्या नव्या व्यवस्थेनं घेतली आहे, पण लोकांच्या तोंडी बायोसच आहे. सुरू होताना डिलीट, एफ टू किंवा एफ टेन यांपैकी त्या त्या यंत्राचं ठरलेलं बटण दाबलं, की 'सेटअप'चा पडदा उघडतो आणि या सगळ्या गोष्टी आपल्याला बदलता येतात.

१९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीत हे सारं मदरबोर्डवरचे बारीक बारीक खटके वरखाली करून ठरवावं लागे. १९८४ च्या एटी या यंत्रापासून ते एका छोट्या मेमरीत लिहून ठेवता येऊ लागलं आणि वीज गेली तरी ती मेमरी जागी राहावी म्हणून तिला एक बॅटरी दिली. त्या एटीला पुढच्या बाजूला चक्क खरं कुलूप होतं, गोदरेजच्या कपाटाला असतं तसं, किल्लीचं. ते लावलं की कीबोर्ड बंद आणि खोक्याचं झाकणही बंद. १९८७ साली आयबीएमच्या पीएस टू यंत्रांत सुरू करतानाच विचारला जाणारा पासवर्ड आला. हळूहळू लोखंडी किल्ली गेली, शब्दांची किल्ली राहिली.

त्या बॅटरीची आणि माझी जुनी ओळख आहे. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि पुढच्या काही वर्षांत शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. आमच्याकडच्या एका यंत्रानं एका सोमवारी सकाळी तारीख दाखवली, १ जानेवारी १९८०. सगळी शाखा थबकली. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं युनियन. निघाली ती संपलेली बॅटरी. बॅटरी मेली की सेटअपची आठवणही मरते, हे मी तेव्हाच शिकलो होतो. अण्णांच्या टेबलापाशी उभा असताना मात्र मला ते आठवलं नाही.

सेटअपमध्ये पासवर्ड दोन प्रकारचे ठेवता येतात. एक सेटअपचा, तो असला की आत शिरून रचना कुणाला बदलता येत नाही. दुसरा सिस्टिमचा, तो दिल्याशिवाय यंत्र पुढं सरकतच नाही. निरनिराळ्या कंपन्या त्यांना सुपरवायझर, अॅडमिन, यूझर, पॉवर-ऑन अशी निरनिराळी नावं देतात, काम तेच. मे महिन्याच्या सुटीत नातवानं सेटअपमध्ये काहीतरी खुडबुड केली होती, म्हणून अण्णांनी दोन्ही लावून टाकले होते. स्वभावच तसा. एका कडीवर त्यांचं कधी भागलं नाही.

*

शेवटी आम्ही ते खोकं रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. वहिनींनी ते मांडीवर धरलं होतं. दुकानात विशी-बाविशीचा एक मुलगा होता. त्यानं आधी वहिनींना एक-दोन प्रश्न विचारले, जुनं बिल पाहिलं, मग स्क्रू काढले. आत बोट दाखवून म्हणाला, "काका, हा जंपर बघा." दोन बारीक तारांच्या टोकांवर नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी होती. ती त्यानं उपटली, यंत्र एकदा सुरू केलं, बंद केलं. पासवर्ड गेला. "काही बोर्डांवर ही बॅटरी काढून ठेवावी लागते," असं म्हणून त्यानं नाण्याएवढी चपटी बॅटरी दाखवली.

"आणि विंडोजचा पासवर्ड?"

"तो कशाला लागतोय?" असं म्हणून त्यानं डिस्कच सोडवली आणि आपल्या यंत्राला जोडली. अण्णांचं सगळं घर पडद्यावर आलं. फोटो, पेन्शनचे कागद, सोसायटीचे वर्षावर्षांचे हिशेब. सगळे मिळून वीस मिनिटंही लागली नाहीत.

हिशेब पैशापर्यंत जुळलेले होते, हे सांगायला नकोच. पण त्या डिस्कवर आणखी एक फाइल निघाली. तिचं नाव होतं 'सूचना'. वहिनींसाठी केलेली होती. ठेवी कोणत्या बँकेत, वारस म्हणून नाव कुठं लावलं आहे, विम्याचे कागद कोणत्या खणात, गॅसचा ग्राहक क्रमांक, दूधवाल्याची आगाऊ रक्कम. आणि नवव्या ओळीत, कॉम्प्युटरचा पासवर्ड.

मी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं दुसऱ्याच्या पैशाची किल्ली जपणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराची किल्ली तिजोरीच्या आत ठेवून तिजोरी लावली होती. बँकेत त्यांनी असं कधीच केलं नसतं. कारण तिथं दुसऱ्या किल्लीसाठी मी होतो, रजिस्टर होतं, दुसऱ्या शाखेतलं सीलबंद पाकीट होतं. घरी ते एकटे होते.

*

त्या दिवशी आनंद झाला. रात्री मात्र माझा संशयी स्वभाव जागा झाला. विशीतल्या मुलानं वीस मिनिटांत उघडलं, तर मग ते कुलूप कसलं? तो मुलगा सज्जन होता. दुसरा नसता तर?

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. डेस्कटॉपचा सेटअप पासवर्ड हा तिजोरीचा दरवाजा नव्हे, तो वाड्याचा दिंडी दरवाजा आहे. त्याचा उपयोग आहे, पण मर्यादित. घरी आलेल्या माणसानं पेन ड्राइव्ह लावून, यंत्र विंडोजऐवजी त्यावरून सुरू करून, सगळी डिस्क वाचू नये, म्हणून सुरुवात कुठून करायची तो क्रम सेटअपमध्ये ठरवायचा आणि वर पासवर्ड लावायचा. पोरासोरांच्या खुडबुडीपासूनही तो वाचवतो. पण ज्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर आहे आणि ज्याला कुणी पाहत नाही, त्याच्यापुढं तो टिकत नाही. विंडोजचा पासवर्ड हा आतल्या खोलीचा. डिस्क काढून दुसरीकडे जोडली की तोही राहतो बाजूला. लॅपटॉपचं थोडं वेगळं आहे. पुष्कळ लॅपटॉपांत हा पासवर्ड बॅटरी काढल्यानं जात नाही, कंपनीच्याच दारी जावं लागतं. पण डिस्क तिथंही निघू शकते.

खरी तिजोरी म्हणजे डिस्कवरचा मजकूरच गुप्त लिपीत ठेवणं. विंडोजमध्ये ही सोय बिटलॉकर या नावानं २००७ पासून आहे. तेव्हा ती मुद्दाम लावावी लागे. अलीकडच्या नव्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सुरुवात केली, की ती पुष्कळदा आपोआपच लागते. आपल्याला कुणी विचारतही नाही.

हे मला कसं कळलं, तेही सांगतो. अण्णांच्या प्रकरणानंतर मी नवा डेस्कटॉप घेतला आणि उत्साहाच्या भरात सेटअपमध्ये शिरून 'सिक्युअर बूट'शी काहीतरी चाळा केला. पुन्हा सुरू केलं तर निळा पडदा. ४८ अंकी रिकव्हरी की द्या. अठ्ठेचाळीस! आत माझी अर्धी लिहून झालेली कादंबरी होती. झालं होतं असं, की डिस्कची किल्ली बोर्डवरच्या एका चिपेत असते आणि यंत्राची रचना पहिल्यासारखी दिसली तरच ती चिप किल्ली देते. मी दार बदललं, चिपेनं मला ओळखलं नाही. तिनं योग्यच केलं. ते अठ्ठेचाळीस अंक माझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. मोबाइलवर संकेतांक आला, तो घातला, अंक मिळाले, कादंबरी मिळाली. बायको शेजारीच उभी होती. ती सहज म्हणाली, "आणि तुम्ही नसता तर?"

मी नसतो, तर तो दुकानातला मुलगाही काही करू शकला नसता. इथं उपटायला टोपी नाही आणि डिस्क दुसरीकडे जोडली तरी तिथं गुप्त लिपीच दिसणार. अण्णांचं कुलूप कच्चं होतं म्हणून त्यांची अब्रू वाचली. पक्कं असतं तर सोसायटीच्या जिन्यातला तो प्रश्न कायमचा राहिला असता.

मला सांगायचं आहे ते हेच. पासवर्ड किती अवघड असावा, यावर आपण फार बोललो. दुसरी किल्ली कुणाकडे, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

*

अवघड पासवर्डाचंच घ्या. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं २००३-०४ च्या सुमारास शिफारशी केल्या. पासवर्डात मोठी अक्षरं हवीत, अंक हवेत, चिन्हं हवीत. त्यांचा धागा पकडून जगभरच्या कचेऱ्यांनी ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती केली. आमच्या बँकेतही दर महिन्याला फर्मान निघे. परिणाम काय झाला? लोक महिन्याचं नाव आणि त्यापुढं एक अंक लिहू लागले आणि उरलेले कीबोर्डाखाली चिठ्ठी ठेवू लागले. तपासणीला जाताना मी आधी कीबोर्ड उचलत असे. २०१७ साली त्याच संस्थेनं शिफारशी बदलल्या. विनाकारण बदल नको, चिन्हांची सक्ती नको, लांबी महत्त्वाची. म्हणजे चार-पाच असंबद्ध शब्दांची एक ओळ, जी आपल्याला आठवते आणि दुसऱ्याला सुचत नाही.

पासवर्ड फुटण्याचा इतिहासही पासवर्डाइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांना वापरता यावं अशी व्यवस्था केली आणि प्रत्येकाला आपला पासवर्ड दिला. १९६२ साली अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर मिळणारा वेळ पुरेना, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. १९६६ साली तर एका गफलतीमुळं यंत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाला सूचनेच्या जागी ती यादीच दिसू लागली.

लोखंडी तिजोऱ्यांची तरी काय कथा? दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब जिथं तयार झाला त्या लॉस अलामॉसमध्ये रिचर्ड फाइनमन हे शास्त्रज्ञ गंमत म्हणून सहकाऱ्यांच्या तिजोऱ्या उघडत. त्यांनी पुढं लिहून ठेवलं आहे, की कारखान्यातून येतानाचे अंक पुष्कळांनी बदललेच नव्हते. नुसते ते अंक लावून दर पाचांतली साधारण एक तिजोरी उघडली. आपल्या घरच्या वायफायच्या डबीवर जो पासवर्ड छापून येतो, तो किती जणांनी बदलला आहे? असो.

*

आमच्या पिढीच्या बऱ्याच घरांत पासवर्ड पुरुषाकडे असतो. तो मुद्दाम लपवतो असं नाही. 'तुला काय करायचंय ते, मी आहे ना' असं म्हणतो. प्रेमानंच म्हणतो. पण 'मी आहे ना' हे वाक्य ज्या दिवशी खोटं ठरतं त्या दिवशी ती बाई आपल्याच घरात परकी होते. माझ्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची, कपाटाची, पेटीची. आजोबांना साखर हवी असली तरी तिच्याकडे मागावी लागे. तिला अक्षर येत नव्हतं, पण घरातलं एकही दार तिला बंद नव्हतं. आज माझी बायको पदवीधर आहे, शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे आणि माझ्या कॉम्प्युटरचं दार तिला उघडत नव्हतं. ही प्रगती की अधोगती, हे मला कळेनासं झालं.

यावर तरुण मंडळी विचारतात, की मग खाजगीपणाचं काय? नवराबायको झाले म्हणून सगळं उघडं करायचं? प्रश्न रास्त आहे. लेखक म्हणून मला तो जास्तच कळतो. अपुरं लिखाण कुणी वाचलेलं मला खपत नाही. मुलीनं मला सांगितलं, की पासवर्ड जपणारी वेगळी सॉफ्टवेअरं मिळतात, एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. उत्तम आहे. पण त्या मुख्य पासवर्डाची दुसरी किल्ली कुणाकडे? प्रश्न एक पायरी वर सरकतो, सुटत नाही. याचं उत्तर मला आमच्या त्या सीलबंद पाकिटातच दिसतं. दुसऱ्या शाखेत आमच्या किल्ल्या होत्या, पण म्हणून तिथल्या माणसांनी येऊन आमची तिजोरी उघडली नाही. पाकीट असतं, ते फोडलेलं नसतं. विश्वास आणि खाजगीपणा दोन्ही त्या लाखेच्या मोहरेत मावतात.

आता पाकिटात काय ठेवायचं आणि काय नाही, हे बँकेतला माणूस म्हणून बजावून सांगतो. कॉम्प्युटरचा सेटअप पासवर्ड, विंडोजचा पासवर्ड, ते अठ्ठेचाळीस अंक, ईमेलचा पासवर्ड, हे ठेवावं. मोबाइल उघडायचा आकडाही ठेवावा, कारण संकेतांक तिथंच येतात. नेटबँकिंगचा पासवर्ड आणि कार्डाचा पिन मात्र ठेवू नये. मेलेल्या माणसाच्या नावानं आत शिरून पैसे काढणं बरोबर नाही, मग ते आपल्याच माणसाचे का असेनात. त्यासाठी नामनिर्देशन आहे. त्याचे नियम १९८५ पासून आहेत आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात. ती नावं द्यावीत आणि वारसाला सांगावीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आपल्या माहितीसाठी वारस नेमण्याची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. पण टेबलावरच्या डिस्कमधली गुप्त लिपी कोणताही कायदा वाचू शकत नाही. तिथं किल्लीच लागते.

पाकीट एकदा करून विसरायचंही नाही. सेटअप बदलला, यंत्र बदललं, पासवर्ड बदलला, की पाकीट बदलायचं. वर्षातून एकदा, दसऱ्याला यंत्राची पूजा करतो ना आपण, त्या दिवशी ते फोडून आतल्या किल्ल्या लागतात का ते पाहायचं आणि नवं पाकीट करायचं. ज्याच्याकडे द्यायचं तो माणूस घरातलाच हवा असं नाही, पण त्याच्याकडे ते आहे हे घरातल्यांना माहीत हवं. आणि ते कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं नाही. हे सांगायची गरज नाही असं वाटत असेल, तर अण्णांची नववी ओळ आठवावी.

मी माझं पाकीट केलं. बायकोसमोर बसून एकेक ओळ लिहिली, तिनं एकेक ओळ यंत्रावर लावून पाहिली. दोन चुका निघाल्या. एकात अंक चुकला होता, एक पासवर्ड जुनाच होता. म्हणजे ते तसंच सील केलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. मग पाकिटाच्या तोंडावर दोघांच्या सह्या केल्या, सहीवरून चिकटपट्टी लावली.

ठेवायचं कुठं, यावर थोडा विचार केला आणि वहिनींकडे गेलो. हिशेब सोसायटीच्या सभेत मंजूर झाले होते. जिन्यात तो प्रश्न विचारणाऱ्यानंच आभाराचा ठराव मांडला होता, असं त्यांनी सांगितलं. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, सह्या पाहिल्या आणि आत जाऊन एक तसंच पाकीट घेऊन आल्या. त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता, शिकतही होत्या.

"भाऊजी, रजिस्टरात सही करता का?" त्या म्हणाल्या. खरोखरच वहीत तारीख घालून त्यांनी ओळ लिहिली होती. मी सही केली.